सील तोडू का?

म्हातारा वायरमन गोष्ट सांगायला बसला की आधी गच्चीवरचा दिवा घालवायला लावतो. भीती वाटावी म्हणून वगैरे काही नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजेड टोचतो, आणि ते कबूल करायची त्याची तयारी नाही. त्या रात्रीही त्याने दिवा घालवायला लावला, पाण्याच्या टाकीला पाठ टेकली आणि समोर बसलेल्या चार पोरांना सांगून टाकलं, की हे ज्याच्यावर बेतलं तो पोरगा त्याच्या चांगला ओळखीचा आहे, गेली दोन वर्षं त्याच्याबरोबर वायरिंगची कामं करतो, आणि पटत नसेल तर त्यालाच जाऊन विचारा. "फक्त दिवसा विचारा," म्हणाला.

गोष्ट अशी.

त्या पोराला सगळे अर्ध्या म्हणायचे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षानंतर सोडलं, म्हणजे बरोबर अर्ध्यावर, म्हणून अर्ध्या. नाव ठेवलं सख्ख्या मामाने. मामाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि अर्ध्या तिथेच कामाला होता. गिऱ्हाइकासमोर मामा हाक मारायचा, "या, अर्धे इंजिनिअर, या," आणि गिऱ्हाईक हसलं की स्वतः त्याच्या दुप्पट हसायचा. अर्ध्या मामाच्याच घरी राहायचा, जेवायचा, त्यामुळे उलट बोलायचं नाही असा एक करार होता. तो कुणी लिहिलेला नव्हता. मोठी माणसं असले करार तोंडीच करतात, नंतर नाकबूल करायला सोपं जातं.

मामाच्या दुकानाची एक पद्धत होती. दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटवर, मागच्या स्क्रूवर अर्धं येईल असं, नखाएवढं चंदेरी स्टिकर लावायचं. त्याला म्हणायचं सील. सील फाटलं की दुकानाची जबाबदारी संपली. चांगली शिकलीसवरलेली माणसं त्या नखाएवढ्या कागदाला कोर्टाच्या शिक्क्यासारखी घाबरायची. स्वतःचं मशीन, स्वतःच्या टेबलावर, आणि उघडायची हिंमत नाही.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार होता. संध्याकाळी साडेसातला दुकानात फोन आला. मामाने घेतला, बराच वेळ नुसतं ऐकलं, आणि नेहमीचं एकही बोलणं बोलला नाही. ना "बघू", ना "वेळ लागेल". फोन ठेवून त्याने अर्ध्याला पत्ता लिहून दिला. एक बाई आहे, म्हणाला, मशीन मध्येच अडकतंय. रॅमचा स्पीड फार वर ठेवलाय, तो खाली आणायचा आणि निघायचं. दहा मिनिटांचं काम. अर्ध्या दारापर्यंत पोचला तेव्हा मागून म्हणाला,

"कॅबिनेट उघडू नकोस."

अर्ध्याने पेचकस तरीही खिशात टाकला. सवय म्हणून.

घर दोन किलोमीटरवर होतं, एका इस्त्रीच्या दुकानाच्या डोक्यावर. जिना एवढा अरुंद की भिंतीला टांगलेल्या सायकलचं पॅडल खांद्याला लागलं. दार उघडलं ती बाई तिशीतली, केस वर बांधलेले, डोळे रात्र-रात्र जागल्यासारखे. अर्ध्या तिला ताई म्हणाला. बाहेरच्या खोलीत तिचे सासरे पांघरूण घेऊन बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. अर्ध्याने अजून बूटही काढले नव्हते तेवढ्यात त्यांनी सांगायला सुरुवात केली, की त्या डब्याने त्यांचा मुलगा खाल्ला, आता सून खाणार, आणि डबा दुरुस्त करण्याऐवजी कुणी विकत घेणारा ठाऊक असेल तर ते बोल. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारून निवृत्त झालेला माणूस. घरातही शेरेच मारत होता.

ताईने आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि सगळं एका दमात सांगितलं. तिचा नवरा अजून न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करायचा, आणि बिल्डरच्या गिऱ्हाइकांना ती आतून फिरून दाखवणारा व्हिडिओ बनवून द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. ह्याच खोलीत, ह्याच टेबलाशी, रात्री. डॉक्टर म्हणाले हृदय. चौतीस वर्षांचा होता. त्याच्या फायली उघडून उघडून ती ते काम शिकली, आणि आता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर एक काम मिळालं होतं. सकाळी आठला व्हिडिओ द्यायचा. मशीनला तो तयार करायला चार तास लागतात, नुसत्या फायली उघडताना मशीन चालायचं, पण मंगळवारी पहिल्यांदा पूर्ण व्हिडिओ लावला तेव्हापासून चार मिनिटंसुद्धा टिकत नव्हतं.

"हे काम गेलं तर बाबा मला आणि मुलीला मोठ्या दिरांकडे नेणार," ती सासऱ्यांच्या खोलीकडे मान करून म्हणाली. "तिथे मला कामाची कमी नाही. सहा माणसांचा स्वयंपाक आहे."

मुलगी कोपऱ्यातल्या पलंगावर झोपली होती. सहा-सात वर्षांची.

टेबलापुढे चाकांची खुर्ची होती, आणि तिच्या बाजूला एक स्टूल. अर्ध्या खुर्ची ओढायला गेला तर ताईने स्टूल पुढे केलं. "त्यावर नको," म्हणाली. एवढंच.

अर्ध्याने मशीन चालू करून सेटिंगचं पान उघडलं. रॅमचा स्पीड छत्तीसशे. फार काही नाही, रॅमवर छापलेला असतो तेवढाच. बत्तीसशे केला, जतन केला, मशीन बंद होऊन चालू झालं. खात्री करायला पान पुन्हा उघडलं.

छत्तीसशे.

त्याला वाटलं आपण जतन करायला विसरलो. पुन्हा केलं. पुन्हा छत्तीसशे. मग वाटलं, बोर्डावरचा सेल संपला असेल. तो संपला की मशीन आपली सेटिंग विसरतं. पण सेल संपला तर घड्याळही विसरतं, आणि घड्याळ बरोबर होतं. नऊ वाजून बारा मिनिटं. अर्ध्याने एकदम सगळ्यात खालचा आकडा लावला, एकवीसशे तेहतीस. खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि रॅम तपासायचा प्रोग्रॅम सुरू केला. तो रॅममध्ये काहीतरी लिहितो, परत वाचतो, आणि लिहिलेलं नि वाचलेलं जुळतंय का बघतो. जुळलं नाही की लाल ओळ.

तिसऱ्या मिनिटाला लाल ओळ आली. मग दुसरी. मग पानभर.

आणि वरच्या कोपऱ्यात स्पीड लिहिलेला असतो, तिथे होतं छत्तीसशे.

आता, ह्या कामात असलेल्या कुणालाही विचारा. रॅमला स्पीड झेपला नाही तर बोर्ड घाबरतं आणि स्पीड आपोआप खाली आणतं. खाली. वर कधी नेत नाही. अर्ध्याने असली शेकडो बोर्डं हाताळली होती, वर जाणारं एकही पाहिलं नव्हतं. तो ताईला काही बोलला नाही. सासरे बाहेरून विचारत होते, झालं का, झालं का, आणि कुणी उत्तर देत नव्हतं म्हणून आणखी मोठ्याने विचारत होते. साडेदहाच्या सुमारास ते घोरायला लागले. तेवढंच बरं झालं.

साडेअकराला ताईने कपाटातून एक वही काढली. म्हणाली, ह्यांनीही शेवटचे दोन आठवडे हेच केलं होतं, बघ काही उपयोग होतो का. बारीक, नीट अक्षर. प्रत्येक रात्रीची नोंद होती. स्पीड किती, व्होल्टेज किती, किती मिनिटांनी अडकलं. छत्तीसशे, अकरा मिनिटं. बत्तीसशे, चौदा. सव्वीसशे, नऊ. माणूस एकेक पायरी खाली उतरत गेला होता, न चिडता. शेवटच्या नोंदीत होतं : एकवीसशे तेहतीस, चार मिनिटं. दोष स्पीडचा नाही. रॅमची एकेक पट्टी काढून तपासायला हवी. सील तोडू का? उद्या काकांना पुन्हा विचारतो.

"काका कोण?" अर्ध्याने विचारलं.

"दुकानवाले. हे तीनदा गेले होते तिथे," ताई म्हणाली. "ते म्हणाले, तुम्ही पोरं आकड्यांशी खेळता आणि मशीन बिघडलं की आमच्या उरावर आणता. सील तोडलंस तर पुन्हा दारात येऊ नकोस."

आणि मग अर्ध्याला तो माणूस आठवला. मार्च महिना. बारीक अंगाचा, चष्मा, काउंटरशी उभा. दरवेळी आधी दुसऱ्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ द्यायचा. मामा त्याला बोलत होता तेव्हा दुकानातले सगळे हसले होते. अर्ध्याही हसला होता. आपल्यावर नाही तर दुसऱ्यावर, ह्याचंच बरं वाटून हसला होता.

त्या मशीनवर सील लावलं होतं ते अर्ध्यानेच.

सव्वाबाराला त्याने मामाला फोन केला. मामाचं घर दुकानाच्या मागच्याच खोल्यांत होतं. झोपेतून उठवल्याचा राग मामाने आधी भरपूर काढला. अर्ध्याने ऐकून घेतला आणि विचारलं, मार्चमध्ये ह्या मशीनला काय केलं होतं? मामा म्हणाला, पंखा साफ केला. अर्ध्या म्हणाला, मी कॅबिनेट उघडतोय.

पलीकडे खाट करकरली.

मग मामा अगदी हळू म्हणाला, "घरी ये. सकाळी बघू."

मामाचा तेवढा मऊ आवाज अर्ध्याने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने फोन ठेवला. पेचकस काढला. सीलवर टोक टेकवलं आणि ओढलं. कागद फाटल्याचा आवाज तो काय असणार, पण त्या खोलीत तो ऐकू आला. पलंगावर मुलीने कूस बदलली.

आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्हींवर छत्तीसशेचं लेबल. एक लेबल गुळगुळीत. दुसऱ्याचा एक कोपरा जरासा उचललेला, आणि कडेला गोंदाची तपकिरी रेघ. तो गोंद अर्ध्या रोज वापरायचा. नखाने लेबल सोललं. खाली दुसरं लेबल निघालं, चोवीसशेचं, आणि त्यावर भंगारवाल्याची निळी खूण.

मामाने चांगली पट्टी काढून घेतली होती आणि तिच्या जागी भंगारातली बसवली होती. पट्टीच्या आत तिचा स्पीड नोंदलेला असतो, तोही बदलून ठेवला होता, म्हणजे स्क्रीनवर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसाव्यात. हे कळायला एकच मार्ग होता. उघडून बघणं. म्हणून सील. तो माणूस चौदा रात्री आपल्या आकड्यांमध्ये चूक शोधत बसला. कारण एका वयाने मोठ्या माणसाने त्याला सांगितलं होतं, चूक तुझी आहे.

अर्ध्याने ते ताईला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. तिने फक्त एक विचारलं, की आत्ता काम होईल का. अर्ध्या म्हणाला, एका चांगल्या पट्टीवर अर्धी मेमरी मिळेल, व्हिडिओ मोठा आहे, कठीण आहे. काढलेली पट्टी मिळाली तर होईल. त्याने मामाला पुन्हा फोन लावला. चांगली पट्टी कुठे आहे, एवढंच विचारलं. मामा आधी कुठली पट्टी म्हणाला. मग म्हणाला, दुकानात, बिलाच्या मशीनमध्ये. मग म्हणाला, आत्ता रात्रीचा मी उठणार नाही. आणि फोन बंद करून टाकला.

एक वाजून गेला होता.

अर्ध्याने भंगारातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. निदान चांगली तरी धड आहे का बघावं म्हणून एकाच पट्टीवर मशीन चालू केलं.

स्क्रीनवर दोन दिसल्या.

दोन पट्ट्या. छत्तीसशे. पूर्ण मेमरी.

त्याने वाकून आत बघितलं. एक स्लॉट रिकामा. पट्टी टेबलावर. पुन्हा स्क्रीन. दोन.

मशीन बंद केलं. वायर काढली. हात पँटला पुसले. ताई बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. तो म्हणाला, काही नाही, स्क्रीन चुकतेय. त्याने चांगली पट्टीही काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. आता दोन्ही स्लॉट रिकामे. रॅम नसलेलं मशीन चालू होत नाही. बोर्ड नुसतं ओरडतं, तीन लांब शिट्ट्या, स्क्रीन काळी. अर्ध्याला त्या शिट्ट्या ऐकायच्या होत्या. सगळं जागच्या जागी आहे एवढी खात्री हवी होती.

वायर लावली. बटणाकडे हात नेला.

हात पोचायच्या आधी मशीनचा पंखा फिरला.

शिट्टी नाही. एकही नाही. स्क्रीन उजळली. सेटिंगचं पान. त्या पानावर जायला बटण दाबून ठेवावं लागतं. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता.

निवडीची पांढरी चौकट खाली सरकली. स्पीडच्या ओळीवर थांबली.

छत्तीसशे.

बत्तीसशे.

थांबली... जणू कुणी विचार करतंय.

सव्वीसशे.

चोवीसशे.

एकवीसशे तेहतीस.

मग पुन्हा वर. छत्तीसशे. पुन्हा खाली. घाई नाही. राग नाही. कुणीतरी एकेक आकडा लावून बघत होतं. पुन्हा. पुन्हा.

ताईने तोंडावर हात ठेवला होता. "हे असंच करायचे," ती म्हणाली. आवाज असा, की अर्ध्याला वाटलं तो दुसऱ्या खोलीतून आला. "असंच..."

खुर्चीचं चाक वाजलं.

अर्ध्याने मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. खुर्ची त्याच्या कोपराशेजारी होती. ती वीतभर पुढे सरकली. टेबलाजवळ. माणूस काम करायला बसतो आणि पायाने ओढून घेतो, तशी.

खोली गार नव्हती. वास नव्हता. दिवा लुकलुकला नाही. लोक सांगतात तसलं काही नाही. फक्त पंख्याचा आवाज. आणि आकडे.

घड्याळात एक पन्नास.

अर्ध्याचा फोन वाजला.

मामा होता.

अर्ध्याने फोन कानाला लावला. पलीकडे मामाचा श्वास. त्याच्या मागे एक पंखा. ह्याच खोलीतल्यासारखा. तोच सूर.

"अर्ध्या... तू बिलाचं मशीन चालू केलंस का रे... तिकडून..."

अर्ध्या नाही म्हणाला.

"ते चालू झालंय. आवाज आला म्हणून मी आलो... शटर आतून बंद आहे... आकडे बदलतायत..."

"मामा, बाहेर ये."

"इथे कुणीतरी आहे."

पलीकडे चाक वाजलं.

"माझ्या मागे... खुर्चीजवळ... अर्ध्या, तो काउंटरच्या बाहेर उभा नाही रे... आत आहे..."

"मामा."

"विचारतोय."

"काय विचारतोय?"

फक्त श्वास. मग मामा बोलला. पण स्वतःचं नाही, ऐकलेलं सांगावं तसं बोलला. हळू. आदबीने.

"काका... सील तोडू का..."

आणि मग दुसऱ्यांदा तेच शब्द आले.

मामाचा आवाज नव्हता.

फोन बंद झाला.

खोलीतला पंखाही थांबला. स्क्रीन काळी झाली. त्या काळ्या काचेत ताई दिसत होती, अर्ध्या दिसत होता. अर्ध्याने नजर खाली घेतली. तिसरं काही दिसायच्या आत.

दोघं किती वेळ तशी बसली कुणास ठाऊक. अर्ध्याने मामाला फोन लावून बघितला, लागला नाही. जाऊन बघायला हवं होतं. तो उठला नाही. पुढे वायरमनला सांगताना तो म्हणाला, माझे पाय उठत नव्हते असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला वाटलं, विचारू दे.

तीन वाजून वीस मिनिटांनी जिन्यात सायकलचं पॅडल भिंतीवर आपटलं.

अर्ध्याने दार उघडलं. जिन्याच्या मध्यावर मामा उभा होता. चपला नाहीत, पायांत नुसते मोजे, तेही फाटलेले. दोन किलोमीटर तसाच चालत आला होता. थंडीत घामाने भिजलेला. उजवी मूठ घट्ट आवळलेली. अर्ध्याला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. आत रॅमची पट्टी होती. कडेने तळव्यात चर पडला होता, पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वर खोलीकडे बघत नव्हता. अर्ध्याकडेही नाही.

"लाव," म्हणाला.

"वर ये."

"नको. ते आहेत ना वर."

ज्याला त्याने तीनदा हाकलून दिलं होतं, त्याला मामा त्या रात्री पहिल्यांदा अहोजाहो करत होता. तो खालच्या पायरीवर जाऊन बसला आणि उजाडेपर्यंत तिथून हलला नाही.

अर्ध्याने दोन्ही चांगल्या पट्ट्या बसवल्या. दुसरी तीन वेळा चुकली. ताईने टॉर्च धरला. बटण दाबलं. हो, आता बटण दाबावं लागलं. स्पीड छत्तीसशे होता, आणि तसाच राहिला. तपासणीला वेळ नव्हता. तीन चाळीसला ताईने व्हिडिओ तयार करायला लावला आणि दोघं टक्क्यांचा आकडा बघत बसली. चार मिनिटं झाली. अकरा झाली. चौदा झाली. अर्ध्या म्हणतो, अकरा आणि चौदाला त्याला दारातून कुणी वाकून बघितल्यासारखं वाटलं. पण तेवढ्या रात्री कुणालाही काहीही वाटेल.

मशीन अडकलं नाही.

सात पस्तीसला काम पूर्ण झालं. न बघताच ताईने ते पाठवून दिलं, कारण फाइल जायलाही वेळ लागतो. आठला पाच कमी असताना ती पोचली. सासरे तोपर्यंत उठले होते. सूनबाई रात्रभर परक्या पोराबरोबर जागी होती, ह्यावर ते काही बोलायच्या बेतात होते, पण ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते तोंड धुवायला निघून गेले. खाली मामा नव्हता. पायरी रिकामी होती. त्यानंतर मामाने दुकान विकलं, कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही, आणि अर्ध्याला अर्ध्या म्हणायचं बंद केलं. अर्ध्याने त्याच दिवशी त्याचं घर सोडलं. ती गोष्ट वेगळी.

साडेनऊला बिल्डरचा फोन आला, तेव्हा अर्ध्या अजून तिथेच होता. ताईने तो स्पीकरवर टाकला. हात पिठाचे होते. मुलीला शाळेत जायचं होतं.

बिल्डर खूश होता. काम पास, म्हणाला, पुढची दोन घरंही तुम्हालाच. ताईने डोळे मिटून घेतले. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी पेपर खाली केला. मग बिल्डर म्हणाला, एकच करा. मागच्या खोलीतला तो माणूस काढा. गिऱ्हाइकाला वाटतं, घरात आधीच कुणी राहतंय.

ताई म्हणाली, मी माणूस घातलेलाच नाही.

"आहे हो. बघा ना. पाठमोरा बसलाय."

तिने पिठाच्या हातानेच व्हिडिओ लावला. अर्ध्या तिच्या मागे उभा राहिला. सासरेही दारात येऊन उभे राहिले. चित्र दारातून आत शिरलं. बैठकीची खोली. स्वयंपाकघर. लांब बोळ. सगळं कोरं, रिकामं, ऊन पडलेलं. मग बोळाच्या टोकाची छोटी खोली.

तिथे खुर्ची नव्हती. टेबल नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, अधांतरी, बसल्यासारखा एक माणूस होता. मान जरा पुढे. बारीक अंगाचा. अंगात निळा स्वेटर.

तीन सेकंद. मग चित्र पुढे गेलं.

ताईने मागे नेलं. थांबवलं. मोठं केलं.

सासरे दारातून आत आले. पाठीवरून ओळखलं होतं त्यांनी. म्हणाले, जुन्या एखाद्या फोटोतून आला असेल... त्याच्या फायलींत असेल एखादा फोटो... मशीनने घातला असेल...

ताईने मान हलवली. नाही.

"हा स्वेटर त्यांनी कधी घातलाच नाही, बाबा," ती म्हणाली. "नवा होता. पाकिटातच होता. तो मी त्यांना घातला... त्या सकाळी... नेण्याआधी."



स्क्रीनवर निळी पाठ तशीच होती. आणि खांद्यांच्या खाली, आडवी, पाकिटातल्या घडीची रेघ. अजून न मोडलेली.